भोयर भाऊंनी निवडलेली मशीन

रोजच्या कामाला भिंतीत भोकं पाडायची बॅटरीवरची हॅमर मशीन कोणती घेऊ, असं कोणी मला विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर मशीन येतच नाही, डोमाजी भोयर येतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानावर सुताराची चपटी पेन्सिल, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि मान जराशी वर, नजर समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे गेलेली. मग माझं डोकं फिरतं आणि मी विचारणाऱ्यावर उगाच खेकसतो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

डोमाजी अजून आहे, आणि ठणठणीत आहे. मी त्याच्याबद्दल चांगलं लिहिणार नाही. जुन्या माणसांबद्दल गोडगोड वाचायची सवय असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं. तोंडावर मी त्याला भाऊच म्हणायचो, कारण आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला दुसरं काही म्हणत नाहीत. इथे मात्र तो माझ्यासमोर नाही, तेव्हा त्याला मी नुसतं डोमाजी म्हणणार आहे.

चंद्रपूरच्या एका ठेकेदाराकडे मी, डोमाजी आणि सुकरू असे आम्ही तिघे काम करायचो. त्याला आम्ही शेठ म्हणायचो. शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती अशा सरकारी इमारतींत वायरिंग आणि फिटिंग करायचं काम. कधी मूल-सिंदेवाहीकडे, कधी वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे, आणि पुढे धानोऱ्याच्या जंगलात. वायर ओढणं आणि जोडणी माझ्याकडे. भिंतीला भोकं पाडून वायर झाकायच्या पट्ट्या ठोकणं सुकरूकडे. आणि भोक कुठे पाडायचं त्याची पेन्सिलने खूण करणं डोमाजीकडे. तो आमचा मिस्त्री होता.

खूण मात्र तो सुरेख करायचा, हे मानावंच लागतं. पट्टी नाही, दोरी नाही, पातळी पाहायची पाण्याची नळी नाही. भिंतीपासून चार पावलं मागे सरकायचा, एक डोळा मिटायचा, आणि पुढे येऊन पाच खुणा करायचा. त्या पाचही एका ओळीत असायच्या. मी सुरुवातीला चोरून नळी लावून पाहिलं होतं, फरक काही सापडला नाही. पण देवाने या माणसाला हा एक डोळा दिला आणि तिथेच हात आखडता घेतला. खूण केल्यावर त्याचं काम संपायचं. मग तो खुर्ची मागवायचा. खेड्यातल्या शाळेत खुर्ची एकच असते, मुख्याध्यापकांची. डोमाजी तीच मागायचा. चहा आला तर दूध मिळेल का विचारायचा, दूध आलं तर साय काढून टाकायला लावायचा. त्याच्या शर्टावर भिंतीचा कण मी कधी पाहिला नाही.

आणि एकदा केलेली खूण तो बदलायचा नाही. खुणेच्या मागे जुना पाइप निघो की मुंग्यांचं वारूळ. ‘खून केली म्हंजे केली,’ एवढंच बोलायचा आणि खर्रा चोळायला लागायचा.

माझं बारावीपर्यंत शिक्षण झालं होतं म्हणून तो मला ‘बारावी’ म्हणायचा. कौतुकाने नव्हे. काही सुचवायला गेलो की, ‘बारावी, तू वायर पाहा.’ सुकरूला तर तो माणसांतच धरायचा नाही. सुकरू एटापल्लीकडच्या गावचा, गोंड. घरून बायकोचा फोन आला की तो गोंडीत बोलायचा. हळू, एका कोपऱ्यात जाऊन. डोमाजी तिकडून ओरडायचा, ‘अबे, मानसासारखा बोल ना!’ सुकरू फोन बंद करायचा आणि हसायचा. ते हसू मला अजून टोचतं. मी एकदा डोमाजीला म्हटलं, ‘भाऊ, तो मानसासारखाच बोलून राह्यला, तुमाले समजत नाई एवढंच.’ त्या दिवशी जेवताना त्याने माझ्याकडे पाठ केली. मला ते चांगलंच वाटलं.

सुकरूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्या हातावरच येऊन थांबतं. लहानपणी चारोळीच्या झाडावरून पडून त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. गावच्या वैदूने बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड बसलं, पण जरा तिरकंच. पुढे गडचिरोलीच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की काम कर, वजन उचल, पण या हाताला झटका बसू देऊ नकोस, पुन्हा मोडलं तर ते पहिल्यासारखं होणार नाही. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सुकरूच्या घरी आई, बायको मैना आणि दोन लेकरं. धानाची थोडी शेती. त्या घराचा सगळा भार त्या तिरक्या मनगटावर होता, आणि ते मनगट फार हुशार होतं. मशीन भिंतीला लावली की आवाजावरून त्याला कळायचं, आत वीट आहे, दगड आहे की सळई.

सिंदेवाहीकडच्या एका ग्रामपंचायतीची गोष्ट सांगतो. तेव्हा आमच्याकडे वायरची जुनी मशीन होती. इमारत नवी, भिंती राखेच्या विटांच्या. वीज केंद्राच्या राखेपासून केलेल्या या विटा आमच्याकडे आता सगळीकडे लागतात. दिसायला छान, पण मशीनचा हॅमर, म्हणजे ठोका, लावला की भोक फुगतं. मग स्क्रूसाठी घालायची प्लास्टिकची गिट्टी आत गरगर फिरते. सुकरूने पहिल्याच भोकाला हॅमर बंद केला आणि नुसत्या फिरकीवर काम करायला लागला. डोमाजी खुर्चीतून ओरडला, ‘हॅमर काऊन बंद केला? दिवस काढाचा हाये का इथी?’ सुकरूने पुन्हा हॅमर लावला. संध्याकाळी स्विचचा बोर्ड सरपंचांच्या हातात निघून आला. डोमाजी सरपंचांना म्हणाला, ‘जंगलातला पोरगा हाये, त्याले काय समजते.’ इथपर्यंत मी समजू शकतो, चूक झाकायला सगळेच धडपडतात. पण पुढच्या आठवड्यात शेठच्या समोर हा माणूस म्हणाला, ‘राखेच्या विटेले हॅमर नाई लावाचा शेठ, फिरकीच पायजे. मी शिकवलं ना या पोराइले.’ त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. तो खरंच तसं मानून चालला होता. खोटं बोलणारा माणूस परवडतो, त्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

बॅटरीची मशीन घ्यायची वेळ आली ती विजेमुळे. जंगलातल्या गावांत लाईन गेली की कधी येईल त्याचा नेम नाही. वायरची मशीन हातात धरून आम्ही शाळेच्या पायरीवर बसून राहायचो. शेवटी शेठ कंटाळले आणि म्हणाले, खंडेनवमीच्या आत चांगली बॅटरीवाली हॅमर मशीन घ्या, पूजेत नवीच ठेवू. कोणती घ्यायची ते भोयर भाऊ ठरवतील. मी आणि सुकरू सोबत गेलो ते सामान उचलायला.

चंद्रपूरच्या त्या दुकानात काउंटरवर मालकाची सून बसली होती. तिने पहिल्यांदा विचारलं, ‘चालवनार कोन?’ मी सुकरूकडे बोट दाखवलं. तिने एक हलकी मशीन काढली आणि सरळ त्याच्या हातात दिली. ‘वर धरून पाहा भाऊ, छताकडे.’ सुकरूने एका हाताने मशीन डोक्याच्या वर धरली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि हसला. या वेळचं हसू वेगळं होतं. बाई म्हणाल्या, ‘रोजचं काम हाये म्हनता, त पहिले वजन पाहा. दिवसभर वर धराव लागते. आनि हा पुढचा बिट कुठी अटकला की ही मशीन स्वतःच थांबते. हाताले झटका देत नाई.’

डोमाजीने सुकरूच्या हातातून मशीन काढून घेतली. ‘बाई, तुमी बिल बनवा. मशीन आमी पाहतो.’

मग त्याने फळीवरची सगळ्यात दांडगी मशीन मागितली. ती दणकट होती, नावाजलेली होती, खोटं कशाला बोलू. बाजारात कोंबडा पारखतात तशा त्याने दोन्ही मशीनी दोन हातांत झेलून पाहिल्या. ‘पाहा बे, वजनात फरक हाये का नाई? उगाच हाये का?’ बाई म्हणाल्या, ‘ही चांगलीच हाये भाऊ, पन हिले थांबाची सोय नाई. अटकली त हात पिळून टाकते. हे बाजूचं हँडल लावून दोन्ही हातांनीच धराव लागते.’ डोमाजी दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. ‘बैल नांगर ओढता ओढता खाली बसला, त कोनी त्याले बाजारातून आनते का? स्वतःच थांबते म्हने! मशीन मानूस चालवते का मशीनच मानसाले चालवते?’ दोन-चार गिऱ्हाइकं हसली. त्या हसण्यातच त्याचा निकाल झाला होता.

दुकानामागे काँक्रीटचा ठोकळा ठेवला होता, मशीन पाहायला. तेवढ्यापुरती डोमाजीने स्वतः मशीन हातात घेतली. ठोकळा जमिनीवर, हा वर पाय फाकवून उभा, दोन्ही हात मशीनवर, अंगाचा सगळा भार खाली. दांडगी मशीन झटकन आरपार गेली. हलकीला जरा वेळ लागला. ‘झालं,’ डोमाजी म्हणाला.

माझं पित्त खवळलं. ‘भाऊ, आपल्याले का जमिनीवर माराचं हाये? शिडीवर चढून एका हातानं माराचं हाये. दुसरा हात शिडीले लागते. आनि सुकरूचा हात पहिलेच मोडलेला हाये.’

‘बारावी, तू वायर पाहा.’

‘वायर त मी पाहतोच. हात कोन पाहीन?’

त्याने सुकरूला विचारलं, ‘काय बे, जड जाईन का तुले? जमत नसन त सांग, दुसरा मानूस पाहू.’ असं विचारल्यावर घरी लेकरं असलेला माणूस काय सांगणार? सुकरू म्हणाला, ‘भाऊ म्हनतीन ते.’ मी त्याच दिवशी शेठलाही फोन केला. शेठ म्हणाले, भाऊंचा अनुभव मोठा आहे, तू मध्ये पडू नकोस.

खंडेनवमीला मशीनला हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. डोमाजीने मशीन छातीशी धरून फोटो काढून घेतला आणि सगळ्या गावाला मोबाईलवर पाठवला. त्यानंतर ती मशीन त्याने कामाला कधी उचलली नाही. बाजूचं हँडल खोक्यातच राहिलं, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे कुणाला असतात? सुकरू दिवाळीपासून संध्याकाळी मनगटाला मोहाचं तेल चोळायला लागला. ‘जड हाये का रे?’ मी विचारायचो. ‘जड नाई गा,’ तो म्हणायचा, ‘हात वढते.’

मग मे महिना आला. चंद्रपूरचा मे ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. शाळा उघडायच्या आत धानोऱ्यापलीकडच्या एका आश्रमशाळेचं काम संपवायचं होतं. गाडीच्या पत्र्याच्या पेटीत बॅटऱ्या इतक्या तापायच्या, की चार्जर त्यांना घ्यायलाच तयार नसायचा, नुसता लाल दिवा लुकलुकायचा. दुकानातल्या बाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, की बॅटरी सावलीत ठेवा, निवू द्या, मग लावा. पण निवायला वेळ लागतो, आणि डोमाजीला सवय होती ती फक्त दुसऱ्याचं काम संपायची वाट पाहायची. उन्हाळ्यात आम्ही पाण्याची कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून वाऱ्यावर ठेवतो, पाणी गार राहतं. इकडच्या प्रत्येक गाडीवर, प्रत्येक बांधावर तुम्हाला असं पोतं दिसेल. डोमाजीने तेच केलं. एक बॅटरी ओल्या पोत्यात गुंडाळली आणि गाडीच्या टपावर ठेवून दिली.

‘भाऊ, आत पानी जाईन,’ मी म्हटलं.

‘पानी थंडं होते, त हे काऊन नाई होनार?’

बॅटरी गार झाली. इतकी गार झाली की पुन्हा कधी तापलीच नाही. आतून गंजट पाणी निघालं. संध्याकाळी शेठचा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. डोमाजी दुःखी आवाजात म्हणाला, ‘पोराइनं पान्यात टाकली शेठ. मी सांगत होतो, नोका टाकू म्हून.’ मी हात पुढे करून फोन मागितला. त्याने तो खिशात ठेवला.

आता बॅटरी एकच उरली होती, आणि त्यात शाळेतली लाईन गेली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी घाई होती. जेवणाच्या खोलीत वायरची पट्टी तुळईवरून न्यायची होती. डोमाजीने खालूनच एक डोळा मिटला, शिडीवर दोन पायऱ्या चढून खुणा केल्या आणि खुर्चीत जाऊन बसला. सुकरू वर चढला. डावा हात शिडीला, उजव्यात मशीन. तिसऱ्या खुणेवर आवाज बदलला. मी खाली वायर सोडवत होतो, मलाही तो कळला.

सुकरूने मशीन थांबवली. ‘भाऊ, सळई लागून राह्यली. दोन बोटं सरकवतो.’

‘खून केली म्हंजे केली. ओळ बिघडीन.’

‘भाऊ, सरकवू द्या ना त्याले,’ मी म्हटलं. ‘पट्टीखाली भोक कोनाले दिसनार हाये?’

‘बारावी, बॅटरी संपून राह्यली. बोलत नोको बसू. दाब बे, सुकरू. दाब!’

सुकरूने दाबलं. बिट सळईत अडकला आणि मशीन जागच्या जागी गर्रकन फिरली, सुकरूचा हात घेऊन. आवाज झाला तो मी लिहीत नाही. सुकरू ओरडला नाही. तो शिडीवरून एकेक पायरी उतरला, उजवा हात डाव्या हातात धरून, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता आणि सांभाळून खाली आणायचा होता. मशीन वर बिटाला लटकली होती. मग ती निसटून खाली पडली. डोमाजी खुर्चीतून उठून धावला. त्याला असं धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तो सुकरूच्या बाजूने पुढे गेला, मशीन उचलली, झटकली आणि खटका दाबून पाहिला. मशीन फिरली.

‘मशीन वाचली,’ तो म्हणाला.

मी त्या दिवशी त्याला मारलं असतं. सुकरूला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून मारलं नाही. गडचिरोलीला जाताना गाडीत सुकरू खिडकीबाहेर पाहत होता आणि मधूनच मला म्हणायचा, ‘मैनाले फोन नोको करू. घाबरीन.’ डॉक्टरांनी फोटो काढला. जुन्या मोडीपाशीच सगळा चुरा झाला होता. ऑपरेशन करून आत पट्टी घातली, पुढे पुन्हा एकदा कापलं, पण बोटांची मूठ वळेना ती वळेनाच. शेठला डोमाजीने सांगितलं, ‘हात ढिला धरला त्यानं.’ शेठने मान डोलावली आणि नवा माणूस शोधला. मी त्याच आठवड्यात काम सोडलं.

सुकरू आता गावीच असतो. विळा धरता येत नाही, कुऱ्हाड धरता येत नाही. तेंदूपानाच्या दिवसांत मैना आणि आई पानं तोडून आणतात आणि हा डाव्या हाताने त्यांचे पुडे लावत बसतो. मी वर्षातून एकदोनदा जातो. तो पाण्याचा तांब्या डाव्या हाताने आणून देतो आणि मला नवनव्या मशीनींबद्दल विचारतो, कोणती आली, किती वजनाची आहे. मी सांगतो. डोमाजी त्याच्याकडे एकदाही गेला नाही. सुकरूने एकदा मला विचारलं, ‘भाऊ बरे हायेत ना?’ मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता माझं स्वतःचं छोटं काम आहे. मशीन निवडण्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं त्या मनगटाकडून आलेलं आहे. दुकानात ठोकळा जमिनीवर ठेवून मशीन पाहू नका. शिडी मागा, वर चढा, आणि एका हाताने धरून पाहा. अडकल्यावर स्वतः थांबणारी घ्या, मग ती थोडी हळू का चालेना. दोन बॅटऱ्यांशिवाय दुकानातून निघू नका. बिघडली तर दुरुस्ती चंद्रपुरात होते की नागपूरला पाठवावी लागते, ते आधी विचारा. आणि सगळ्यात पहिले हे विचारा, की चालवणार कोण? त्यालाच सोबत घेऊन जा आणि त्यालाच बोलू द्या.

डोमाजी मला शेवटचा दिसला तो गेल्या हिवाळ्यात, ब्रह्मपुरीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात. मी बिट घ्यायला गेलो होतो. तो आता काम करत नाही. दुकानदाराच्या ओळखीचा म्हणून तिथे खुर्ची टाकून बसतो आणि गिऱ्हाइकांना सल्ला देतो, असं मागून कळलं. पांढरा शर्ट तसाच. समोर वडसाकडचा एक फिटर उभा होता, भारदस्त माणूस, आणि शेजारी त्याचा धाकटा भाऊ, अगदी काटकुळा. मशीन हाच भाऊ चालवणार होता. काउंटरवर दोन मशीनी होत्या, एक जड, एक हलकी. थोरल्याचा हात जड मशीनवर होता.

डोमाजी सांगत होता. आवाज दाटून आलेला, डोळे ओले. ‘माह्याजवळ सुकरू नावाचा पोरगा होता. सोन्यासारखा पोरगा. मी शेठले हात जोडून म्हटलं, हलकी घ्या, त्याचा हात पहिलेच मोडलेला हाये. पन आमच्यात एक बारावी शिकलेला होता. त्यानं शेठचे कान भरले आनि जड मशीन घ्याले लावली. गेला ना पोराचा हात! मी त्याले माह्या पोटच्या पोरासारखा गाडीत घालून नेला.’

मी पायरीवरच उभा राहिलो. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. मला वाटलं आता तरी चपापेल. कसला चपापतो! त्याचा चेहरा उलट उजळला.

‘हा पाहा! हाच तो. विचारा त्याले, खोटं वाटत असन त.’

थोरल्याने माझ्याकडे वळून पाहिलं. ‘खरं हाये का हो भाऊ, हे?’

माझ्या तोंडात इतक्या शिव्या एकदम आल्या की कोणती आधी द्यावी ते कळेना. पण त्याचा हात अजून जड मशीनवरच होता, आणि दुकानदार म्हणत होता, ‘अहो, म्हातारा मानूस हाये, काहीही सांगते. रोजच्या कामाले जडच पायजे.’ मी डोमाजीला खोटारडा म्हटलं असतं तर भांडण पेटलं असतं. मग ते दोघे आमची गंमत पाहून हसले असते, आणि सुकरूच्या हाताची गोष्टच खोटी ठरून जड मशीन घेऊन वडसाला गेले असते. धाकट्याने काउंटरवर ठेवलेलं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं.

‘खरं हाये,’ मी म्हटलं. ‘जड मशीन मीच घ्याले लावली होती. हात गेला त्याचा.’

थोरल्याने जड मशीनवरून हात उचलला. माझ्याकडे तो असा पाहत होता, जणू मी त्याच्या दारात काही घाण टाकून आलो आहे. ‘शिकलेले मानसं तुमी,’ तो म्हणाला, ‘लाज वाटाले पायजे होती.’ आणि भावाला म्हणाला, ‘ती हलकी घे. वर धरून पाहा.’

डोमाजी खुर्चीतून उठला, माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘जाऊ द्या हो,’ तो त्या माणसाला म्हणाला, ‘तवा लहान होता तो, समज नव्हती. मी त्याले कवाच माफ केलं.’

बिल होईपर्यंत मी तो हात खांद्यावर तसाच राहू दिला.